पटावरचे नाव आणि फडातले मूल

जगात शाळेबाहेर असलेल्या मुलांचा हिशेब युनेस्को मांडते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार शालेय वयाची सुमारे २५ कोटी मुलेमुली शाळेबाहेर होती. त्यांतील ७ कोटींहून अधिक प्राथमिक शाळेच्या वयाची होती आणि या लहानांपैकी निम्म्याच्या आसपास सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होती. युद्ध, दुष्काळ, गरिबी, अपंगत्व, मुलगी म्हणून जन्माला येणे, शाळा दूर असणे ही कारणे ठरलेलीच. या तक्त्यात भारताची जागा बरी दिसते आणि महाराष्ट्राची त्याहून बरी. गावागणिक शाळा आहे, वाडीवस्तीवर शाळा आहे आणि सहा वर्षांच्या बहुतेक सगळ्या मुलांची नावे कुठल्या ना कुठल्या पटावर आहेत.

या तक्त्यात न येणारे एक मूल आहे. त्याचे नाव पटावर असते, पुस्तके त्याला मिळालेली असतात, जून ते ऑक्टोबर ते वर्गात बसतेही. त्यानंतर पाच-सहा महिने ते तिथे नसते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे मूल आहे, आणि ते जिथे सर्वांत सहज भेटते तो प्रदेश म्हणजे पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके.

दोन्ही तालुके मूळचे अवर्षणाच्या पट्ट्यातले. त्यांचे रूप पालटले ते पाटपाण्याने. खडकवासल्यातून निघालेला मुठा उजवा कालवा दौंडच्या शेतांपर्यंत आला. चासकमानचे पाणी आणि चिंचणीजवळच्या घोड धरणाचे पाणी शिरूरला मिळाले. शिवाय भीमा, मुळा-मुठा आणि घोड या नद्यांवरच्या उपसा योजना आहेतच. पाण्यामागोमाग ऊस आला आणि उसामागोमाग कारखाने. पाटसचा भीमा सहकारी, न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा, आलेगावचा दौंड शुगर ही त्यांतली ठळक नावे. केडगाव-यवत परिसरातली गुऱ्हाळे वेगळी. कारखानदारीचे चढउतार इथेही झाले. भीमा पाटस काही हंगाम बंद राहून पुढे भाडेतत्त्वावर सुरू झाला आणि घोडगंगाही अडचणीत सापडला. ऊस मात्र उभा राहिला आणि तो तोडायला माणसे येत राहिली.

ही माणसे येतात ती बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू तालुक्यांतून. आष्टी, पाटोदा, पाथर्डी, धारूर, शिरूर कासार. म्हणजे एका शिरूरची कुटुंबे दुसऱ्या शिरूरला जातात, एवढे ते अंतर लहानही आहे आणि मोठेही. पावसाळ्यातच मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या कोयत्यावर असते. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. कारखान्याच्या आवारात किंवा गावाच्या कडेला मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. तोड टनावर मोजली जाते. २०२४ च्या जानेवारीत दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, पण मोजण्याची रीत तीच राहिली. टनावर मजुरी असली की घरातल्या प्रत्येक हाताला किंमत येते. दहा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधू लागतो, वाढे गोळा करतो, बैलांना पाणी दाखवतो. दहा वर्षांची मुलगी कोपीवर थांबून धाकट्याला सांभाळते आणि आई परतायच्या आत चूल पेटवून ठेवते. शाळा पहिल्यांदा सुटते ती तिचीच.

राज्यात तोडीवर जाणाऱ्या मजुरांचा आकडा आठ-दहा लाखांपासून पुढे कितीही सांगितला जातो, आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या चौदा वर्षांखालच्या मुलांची संख्या दोन लाखांच्या घरात असावी, असा अंदाज नेहमी दिला जातो. मोजणी नसून अंदाज आहे, ही गोष्टच बोलकी आहे. शाळेची मोजणी इतकी काटेकोर असताना हा आकडा अंदाजावर का राहावा?

उत्तर तारखांत आहे. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदे द्यायची ते ठरवणे, ३० सप्टेंबरच्या पटावरून करण्याची राज्यात जुनी रीत आहे आणि केंद्राच्या यू-डायस माहितीचीही अनेक वर्षे तीच संदर्भ तारीख होती. ३० सप्टेंबरला ऊसतोड कामगाराचे मूल घरीच असते. राज्य सरकारने शाळाबाह्य मुलांचा शोध घेण्यासाठी एका दिवसाचे मोठे सर्वेक्षण केले ते ४ जुलै २०१५ रोजी. त्या दिवशी मुलांच्या बोटांना शाई लावून नोंद घेण्यात आली. जुलैमध्येही हे मूल घरीच असते. उसाचे गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालते आणि शाळेचे वर्ष जून ते एप्रिल. दोन्ही वेळापत्रके जिथे एकमेकांवर पडतात, ते महिने सोडून गणती होते. कुणी ठरवून केलेले हे कारस्थान नव्हे. कार्यालयाला सोयीची तारीख असते आणि पिकाला त्याची स्वतःची. परंतु निकाल असा लागतो की आष्टी-पाटोद्याच्या शाळेत मूल दाखल दिसते, म्हणून ते शाळाबाह्य ठरत नाही, आणि दौंड-शिरूरच्या शाळेचे ते नव्हेच, म्हणून तिथेही ते शाळाबाह्य ठरत नाही.

प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही मागणी या जिल्ह्याला नवी नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात किमान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, असे सुचवले होते. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. शेतकऱ्यांच्या मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती मिळावी आणि शिक्षकही शक्यतो त्याच समाजातून यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. निवेदनातला शेतकरी मात्र गावात राहणारा आहे. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केलेला सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा, मुंबई इलाख्याचे १९१८ आणि १९२३ चे कायदे, सगळ्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली. मूल एका गावाचे असते.

हंटर आयोगापुढे त्याच वर्षी साक्ष देणाऱ्या पंडिता रमाबाईंची पुढे वेगळ्या प्रकारच्या मुलांशी गाठ पडली, आणि ती पडली दौंड तालुक्यातच. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडूनही मुली आल्या आणि तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. या मुलींना गाव नव्हते, पालक नव्हते, कित्येकींची भाषा मराठी नव्हती. म्हणून रमाबाईंनी शाळा आणि घर वेगळे ठेवलेच नाही. वर्ग, भोजनगृह, विणकाम, छापखाना, शेती सगळे एका आवारात. धर्मांतराच्या प्रश्नावरून रमाबाईंवर पुष्कळ टीका झाली आणि तिचा विचार इतरत्र झालाच आहे. शिक्षणाच्या दृष्टीने ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की मुळापासून उखडलेल्या मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या जेवणाची आणि झोपण्याची व्यवस्था करावी लागते, हे केडगावच्या माळावर सव्वाशे वर्षांपूर्वी करून पाहिले गेले. राज्याच्या योजनांना त्या निष्कर्षावर यायला फार वेळ लागला.

मधल्या काळात दुसरी एक दिशा महाराष्ट्रातच सापडली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम करताना पाहिले, की आदिवासी मूल शाळेत येत नाही कारण ते गुरे राखत असते किंवा भावंड सांभाळत असते. त्यांनी अंगणवाडी मुलांच्या दारात नेली, भावंडांसाठी पाळणाघर जोडले आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. मूल कामावर आहे तिथे शाळा न्यायची, ही ती दिशा. साखरशाळा याच विचाराची नात म्हणता येईल.

साखरशाळा १९९० च्या दशकात सुरू झाल्या. कारखान्याच्या आवारात, हंगामापुरत्या, पत्र्याच्या किंवा पाचटाच्या छपराखाली भरणाऱ्या या शाळा होत्या. जनार्थसारख्या संस्थांनी पुढच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर त्या चालवल्या. त्यांचे गुण उघड होते. आईबाप पहाटे फडात गेले तरी मूल कोपीपासून हाकेच्या अंतरावर शिकत असे, आणि शिकवणाऱ्याला ते दुपारी का झोपते हे माहीत असे. दोषही उघड होते. हंगामी शिक्षक, तुटपुंजे मानधन, कारखान्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली जागा, आणि गावच्या शाळेतल्या इयत्तेशी जुळेलच याची खात्री नसलेला अभ्यास. आणखी एक अडचण होती, जिची चर्चा कमी होते. साखरशाळा बसते ती बैलगाडीच्या टोळ्यांना, कारण बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ एकाच जागी महिनोन्‌महिने असतो. ट्रॅक्टर आणि ट्रकवर ऊस भरणाऱ्या टोळ्या गावोगाव विखुरतात आणि तोड सरकेल तशा कोप्या हलवतात. पाच कुटुंबे न्हावऱ्याच्या शिवारात, सात मांडवगणला, पंधरा दिवसांनी तिसरीकडेच. ट्रॅक्टर वाढले तशी कारखान्याच्या आवारातली शाळा अर्ध्या मुलांपासून आपोआप दूर गेली.

मग १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा लागू झाला. कायद्याच्या शब्दांत स्थलांतरित मूल विसरलेले नाही. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्यासाठी विशेष प्रशिक्षण, कलम ५ प्रमाणे शाळा बदलण्याचा हक्क, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, आणि कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर. कायद्याचा भर नियमित शाळेवर असल्याने साखरशाळांना आधार उरला नाही, त्या बहुतेक बंद पडल्या. मुलाने जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जावे, असे ठरले. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी ‘जवळची’ म्हणजे काय तेही सांगितले. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर.

किलोमीटरचे हे माप गावठाणापासून घेतलेले आहे. कोपी उसाच्या रानात असते. तिथून शाळेचा रस्ता कधी पाटाच्या कडेने, कधी ट्रॅक्टर-ट्रेलरच्या रांगा लागलेल्या डांबरी सडकेने जातो, आणि सात वर्षांच्या मुलाला सोडायला मागे कुणी नसते. तो रस्ता ओलांडून मूल पोहोचलेच तर नोव्हेंबरात वर्गशिक्षकासमोर नवा प्रश्न उभा राहतो. पहिल्या सत्राची परीक्षा झालेली, मुलाची मूळ शाळा त्याचे नाव कमी करायला राजी नसते कारण पट घसरला की शिक्षकाचे पद धोक्यात येते, ऑनलाइन नोंदीत नाव एकाच जागी राहू शकते, आणि मार्चमध्ये मूल निघून जाणार हे सगळ्यांना ठाऊक असते. चांगला शिक्षक अशा मुलाला नाव न नोंदवता बसवून घेतो. अशा शिक्षकांवर बरेच काही चालले आहे, आणि व्यवस्थेने त्यांचे आभार मानण्यापलीकडे फारसे काही केलेले नाही.

शिक्षण हमी कार्ड हा या कोंडीवरचा उपाय म्हणून आला. गावातून निघताना मुख्याध्यापकाने मुलाच्या हाती कार्ड द्यायचे, ते दाखवताच कुठल्याही शाळेने त्याला दाखल करून घ्यायचे आणि परतताना त्यावर नोंद करून द्यायची. कल्पना साधी आणि योग्य आहे. ती चालते तेव्हा, जेव्हा निघण्याचा दिवस मुख्याध्यापकाला आधी कळतो. टोळी मात्र मुकादमाची गाडी येईल त्या रात्री निघते.

दुसरा उपाय मुलाला गावीच ठेवण्याचा. बीडसह स्थलांतराच्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहे सुरू झाली. आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहणाऱ्या मुलाच्या जेवणाची सोय शाळेमार्फत करायची, असे त्यांचे स्वरूप पुष्कळ ठिकाणी झाले. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत प्रत्येकी दोन, म्हणजे ८२ शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर केली. तालुक्याला एक मुलांचे, एक मुलींचे, प्रत्येकी १०० जणांची सोय. ८२ वसतिगृहे पुरती भरली तरी ८,२०० मुले होतात. वर दिलेल्या दोन लाखांच्या अंदाजाशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे अंतर कळते. शिवाय तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहू शकते ते मोठे मूल. सहा-सात वर्षांच्या मुलीला आई सहा महिने दूर ठेवत नाही, आणि ठेवू नये असेच कोणीही म्हणेल. प्राथमिक शाळेचा प्रश्न म्हणून पाहिले तर साखरशाळेची जागा वसतिगृह घेत नाही.

ऊस हे सर्वांत मोठे कारण असले तरी एकटे नव्हे. भीमेच्या आणि घोडच्या काठी वीटभट्ट्या आहेत. गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे असतात आणि त्यांच्या मुलांपुढे महिन्यांबरोबर भाषेचाही प्रश्न असतो. पुणे शहराच्या बाजूला बांधकामांवरच्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूल आणि वाघोलीच्या दगडखाणींवर संतुलन संस्थेच्या पाषाणशाळा यांनी वर्षानुवर्षे काम केले, पण ते काम शहराच्या कडेला एकवटले. उसाच्या रानात तसे टिकून राहणे संस्थांनाही जड गेले. आणि या तालुक्यांतून माणसे बाहेरही जातात. पूर्व भागातले मेंढपाळ धनगर पावसाळा संपला की मेंढ्या घेऊन पश्चिमेकडे निघतात. ज्या महिन्यांत बीडचे मूल दौंडला येते, त्याच महिन्यांत इथल्या मेंढपाळाचे मूल मेंढ्यांच्या वाड्याबरोबर तळ हलवत असते. दोघांची नावे आपापल्या गावच्या पटावर सुरक्षित आहेत.

याच शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. २०१२ नंतर शिक्षक दत्तात्रय वारे आणि ग्रामस्थांनी तिचा कायापालट केला. लोकांनी जमीन दिली, श्रम दिले, सौरऊर्जेवर चालणारे वर्ग उभे राहिले, मुले गटाने एकमेकांना शिकवू लागली आणि प्रवेशासाठी हजारोंची प्रतीक्षा यादी लागली. सरकारी शाळेपुढे पालकांनी रांग लावावी, ही महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशीच गोष्ट. रांगेत उभे राहायला मात्र आधी पत्ता लागतो, आणि वेळेवर बातमी लागते. शिक्षण हक्क कायद्यानुसार असलेल्या खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचेही तसेच. अर्ज ऑनलाइन, राहण्याचा पुरावा, घर ते शाळा अंतर, मग सोडत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी शाळेपासून किलोमीटरभरातल्या खासगी शाळांना यातून वगळण्याचा नियम राज्याने केला आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. हा वाद महत्त्वाचा होता, वर्तमानपत्रांत गाजला. अर्ज भरण्याच्या दिवसांत फडात असलेल्या कुटुंबाला तो कुठल्याच बाजूने लागू नव्हता.

उलट टोकाला रिकाम्या होत चाललेल्या वाड्यावस्त्यांच्या शाळा आहेत. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या औद्योगिक पट्ट्यांतल्या शाळांत वर्ग भरून वाहतात, आणि आतल्या वाडीवर दोन शिक्षक, पंधरा मुले. राज्यभरात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४ हजारांवर आहेत. त्यांच्या जागी समूह शाळा कराव्यात, असा प्रस्ताव शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला आणि त्यासाठी पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले. नोव्हेंबर ते मार्च ज्या वस्तीच्या शिवारात कोप्या असतात, तिथली शाळा सप्टेंबरच्या पटावरून मोजली तर बंद करण्याजोगी ठरते. जानेवारीत मोजली तर कदाचित तिसरा शिक्षक द्यावा लागेल. हंगामी मुलांना धरून दुसरी एक पटमोजणी जानेवारीत घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. नव्या इमारती त्याला लागत नाहीत.

इतर देशांनी हाच प्रश्न निरनिराळ्या बाजूंनी हाताळला. अमेरिकेत कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंत पिकामागे फिरणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ मध्ये केंद्रीय कायद्यात खास तरतूद झाली. निधी राज्याच्या सामान्य पटाऐवजी फिरत्या मुलांच्या गणतीवर मिळू लागला, आणि मुलाच्या अभ्यासाची व आरोग्याची नोंद एका राज्यातून दुसऱ्यात पाठवण्यासाठी संगणकीय व्यवस्था उभारली गेली. मंगोलियात मेंढपाळांच्या मुलांसाठी शाळेला जोडून वसतिगृहे होती आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची टक्केवारी उत्तम होती. १९९० च्या दशकात सरकारी पैसा आटला, वसतिगृहासाठी पालकांकडून मांस मागितले जाऊ लागले आणि गरीब मेंढपाळांची मुले गळाली. २००० मध्ये ती अट काढल्यावर मुले परतू लागली. दोन्हीकडे पैसा मुलामागे गेला तेव्हा शाळा भरली. भारतात हा प्रश्न किती मोठा, याचा अंदाज युनेस्कोच्या स्थलांतरविषयक २०१९ च्या अहवालात मिळतो. २०१३ मध्ये हंगामी स्थलांतर करणाऱ्या ग्रामीण कुटुंबांत ६ ते १४ वयाची सुमारे १ कोटी ७ लाख मुले होती.

हंगाम संपतो तेव्हा टोळीच्या भाषेत पट्टा पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये कोयते गावी परततात. शाळेत तेव्हा वार्षिक परीक्षेचे दिवस असतात. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही, या तरतुदीमुळे वर्षानुवर्षे असे मूल पुढच्या वर्गात जात राहिले आणि न शिकलेले महिने कुठल्याच कागदावर आले नाहीत. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीला उत्तीर्ण होण्याची अट घातली. ती २०२३-२४ पासून लागू झाली. जे मूल पाचवीच्या परीक्षेत मागे पडेल, त्याला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची, असे केंद्रीय कायद्यातली दुरुस्ती सांगते. हे दोन महिने म्हणजे मे आणि जून. मेमध्ये शाळेला सुट्टी असते. ऊसतोड कामगाराचे मूल हमखास घरी सापडते असे जे थोडे महिने आहेत त्यांतला तो पहिला, आणि त्या महिन्यात त्याला शिकवायला कोण येणार, कोणत्या मानधनावर आणि कोणाच्या आदेशाने, याची नेमणूक पंचायत समितीच्या पातळीवर मार्चमध्येच व्हायला हवी.